दुसरं हेलिकॉप्टर मोठं घ्यायचं? सुहासरावांच्या सल्ल्याला माझा स्पष्ट विरोध

अभिजित, सांगली
रिमोटवर उडणाऱ्या मॉडेल हेलिकॉप्टरबद्दल प्रथमेशने इथे परवा विचारलं होतं: सहा महिने चार चॅनेलचं फिक्स्ड पिच (पात्यांचा कोन न बदलणारं साधं मॉडेल) उडवलं, आता दुसरं कुठलं घेऊ? त्यावर सुहासरावांनी लिहिलं, ‘छोट्यात पैसे घालवू नकोस, सरळ ६०० घे. मोठं मॉडेल स्थिर असतं, वाऱ्याला दबत नाही, शिकायला सोपं जातं.’ ६०० हा मापाचा आकडा, आकडा मोठा तसं मॉडेल मोठं. खाली अकरा जणांचे लाइक. ते वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून वेगळा धागा काढतोय.

मोठं स्थिर असतं, हे मान्य. पण उडवायला सोपं आणि शिकायला सोपं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. शिकणारा पाडतो. एकदा नाही, दहादा पाडतो. फिक्स्ड पिचवरून आलेल्या मुलाच्या हाताला एक सवय लागलेली असते: घाबरलं की थ्रॉटल खाली. कलेक्टिव्हवर, म्हणजे पात्यांचा कोन बदलून वर-खाली जाणाऱ्या मॉडेलवर, तीच सवय निगेटिव्ह पिच (उलटा कोन) देऊन मॉडेल जमिनीत घालते. मी स्वतः पहिल्या आठवड्यात तीनदा घातलं. माझं मॉडेल तीनशे ग्रॅमचं होतं, म्हणून गवतातून उचललं, शेपटीचं पातं बदललं आणि संध्याकाळी परत मैदानावर. तेच ६०० असतं तर पाती, फेदरिंग शाफ्ट (पाती जिच्यावर बसतात ती आडवी काडी), मेन शाफ्ट, गिअर, टेल बूम (शेपटीची नळी) आणि वर एखादा सर्व्हो (पात्यांचा कोन हलवणारी छोटी मोटर). एका क्रॅशला बारा-पंधरा हजार. कॉलेजचा मुलगा दुसऱ्या क्रॅशनंतर रिमोट कपाटात टाकतो, मी दोघांना असं सोडताना बघितलंय.

आणि पैसे बाजूला ठेवा. ४५० चं पातं ३२५ मिलिमीटर, ६०० चं सहाशे. ४५० चा रोटर मिनिटाला २८०० फेरे घेत असेल तर टोकाचा वेग ताशी ३७० किलोमीटरच्या आसपास जातो. ६०० सावकाश, २००० वर फिरवलं तरी टोक पाचशेच्या वर. पातं जड ते वेगळंच. सप्टेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये १९ वर्षांचा मुलगा स्वतःच्याच ७०० क्लासच्या हेलिकॉप्टरचं पातं लागून गेला. तो नवशिका नव्हता, चांगला थ्रीडी (उलटंसुलटं, कसरतीचं) उडवणारा होता.

माझं मत: दुसरं मॉडेल कलेक्टिव्हच घ्या, पण एम२ किंवा एस२ या माझ्यासारख्या छोट्या मॉडेलांच्या मापाचं. सोबत सिम्युलेटर (कॉम्प्युटरवर उडवायचा सराव). मोठं नंतर.

सुहास, ठाणे
अभिजित, माझं अर्धंच वाक्य उचललंत. ‘शेजारी जाणकार माणूस असेल तर’ असं पहिल्याच ओळीत लिहिलं होतं मी. ते गाळून अकरा जणांच्या लाइकवर राग काढताय.

आता माझं ऐका. माझं वय बावन्न, चष्मा प्रोग्रेसिव्ह. मीही सगळ्यांचं ऐकून छोटंच घेतलं होतं. आमच्याकडे दुपारनंतर खाडीचा वारा सुटतो. वीस मीटर लांब गेलं की तो काळा ठिपका. नाक कुठे, शेपूट कुठे, काही कळायचं नाही. वर्षभर मी फक्त शेपटी माझ्याकडे ठेवून हॉवर करत (एका जागी तरंगवत) राहिलो, त्यापलीकडे हिंमतच झाली नाही. एक दिवस ते झुडपात गेलं, दोन तास शोधून सापडलं नाही. मग ५०० घेतलं, पिवळीजर्द कॅनोपी (पुढचं टोपण). सहा आठवड्यांत नाक माझ्याकडे करून हॉवर जमला. का? दिसत होतं म्हणून. कलंडायला लागलं की डोळ्याला आधी कळायचं, हात मागून जायचा. छोट्याचं कलंडून होतं तेव्हा कळतं.

शिकण्यात डोळ्याचा वाटा किती असतो, हे विशीतल्या नजरेच्या लोकांना सांगून पटत नाही.

शिरीषकाका, नाशिक
दोघेही मापावर भांडताय. खरी कीड मापात नाही, त्या रेस्क्यूच्या, म्हणजे दाबलं की मॉडेल आपोआप सरळ करून वर नेणाऱ्या, बटणात आहे.

मी २००५ साली रॅप्टर ३० वर शिकलो. नायट्रो, म्हणजे बॅटरीवर नाही, इंधनावर चालणारं. गंगापूर रोडच्या पुढे तेव्हा मोकळं रान होतं. स्किडला (खालच्या पायांना) बांबूच्या दोन काठ्या आडव्या-तिडव्या बांधल्या, टोकांना प्लॅस्टिकचे बॉल. पहिला महिना जमिनीपासून वीतभर वर, नुसतं घसरवत. दुसरा महिना कमरेइतकं. टाकी संपली की उतरवायचं, एकेक बॉल लिंक (काड्यांचा सांधा) हाताने हलवून बघायची, मगच पुन्हा भरायचं. तीन महिन्यांत एकही पातं मोडलं नाही. ते मॉडेल छोटंही नव्हतं आणि स्वस्तही नव्हतं, सव्वा मीटरचा रोटर होता. तेव्हा मोठ्यावर शिकता येत नाही, हे अभिजितचं म्हणणं मला मान्य नाही.

आता पोरं काय करतात? उलटंपालटं करायचं, अंगाशी आलं की बटण दाबायचं. हाताला काही कळतच नाही. गेल्या पावसाळ्याआधी एका मुलाने माझ्यासमोर कमरेइतक्या उंचीवर बटण दाबलं. रेस्क्यूची पिच उलटी सेट केलेली. सरळ उभं असलेलं मॉडेल पूर्ण ताकदीने जमिनीत. पात्याचा तुकडा माझ्या स्कूटरच्या सीटमध्ये घुसला. सीट मी अजून बदललेलं नाही, येणाऱ्या प्रत्येकाला दाखवतो.

वैदेही, ऑस्टिन
काका, तुमच्याबद्दल आदर ठेवून सांगते, हा दोष बटणाचा नाही, तपासणीचा आहे. मोटरच्या वायर काढायच्या, टेबलावर मॉडेल हातात वाकडं धरायचं, रेस्क्यू दाबायचं आणि स्वॉशप्लेट (पात्यांचा कोन बदलणारी तबकडी) कुठे जाते ते बघायचं. दोन मिनिटांचं काम. त्यानंतर पहिली चाचणी दोन मजले उंचीवर, कमरेइतकी नाही.

मी पस्तिशीत शिकले, मूल झोपल्यावर सिम्युलेटर आणि रविवारी क्लबचं मैदान. रेस्क्यू नसतं तर मी नाक माझ्याकडे करून बघितलंच नसतं. ते बटण मी पहिल्या दोन महिन्यांत साठेक वेळा दाबलं असेल, नंतर हळूहळू हात तिकडे जाईनासा झाला. भीती गेली की हात शिकतो. महिनाभर वीतभर उंचीवर घसरवायला तुमच्याकडे मोकळं रान होतं आणि रोजची संध्याकाळ होती. सगळ्यांकडे नसते.

शिरीषकाका, नाशिक
मला रोजची संध्याकाळ नव्हती. शिफ्टची नोकरी होती, पहाटे पाचला जायचो. गृहीत धरून बोलू नका.

आणि तुम्ही जे ‘भीती गेली’ म्हणता, तेच मला नको आहे. भीती राहिली पाहिजे. बेअरिंग गेलं, टेलचा बेल्ट तुटला, सर्व्होचा दात गेला तर ते बटण काय करणार? जायरोतला (मॉडेलचा तोल राखणाऱ्या यंत्रातला) सेन्सर व्हायब्रेशनने भरकटला की त्याला आडवंच सरळ वाटतं. त्या वेळी ज्याने थ्रॉटल होल्डवर (मोटर बंद करणाऱ्या स्विचवर) बोट ठेवायची सवय लावलेली नाही, तो काय करेल? बटण दाबत राहील.

वैदेही, ऑस्टिन
दुखवायचा हेतू नव्हता, पहाटेचं माहीत नव्हतं. थ्रॉटल होल्डचं मात्र शंभर टक्के मान्य. आमच्याकडे इन्स्ट्रक्टर पहिला तास तेवढंच करून घेतो: तो ‘होल्ड’ म्हणाला की मी स्विच मारायचा, मॉडेल कुठेही असो. व्हायब्रेशनचा मुद्दाही बरोबर आहे. तरी रेस्क्यूने हात बिघडतो हे मी मानणार नाही, माझा बिघडला नाही.

सुहास, ठाणे
वैदेहीताई, तुमच्याकडे क्लब आहे, इन्स्ट्रक्टर आहे, दोन रिमोट जोडून शिकवतात, पार्ट तीन दिवसांत दारात येतो. इथे ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, सुट्या भागांना परवानगी आहे. कागदावर ठीक. पण खोक्यावर हेलिकॉप्टरचं चित्र दिसलं की वाटेत कोण काय समजेल याचा नेम नाही. माझा एक फेदरिंग शाफ्ट, पेन्सिलपेक्षा बारीक लोखंडी काडी, दीड महिना अडकला. म्हणून मी म्हणतो की ज्याचे पार्ट देशात मिळतात, जे मिस्त्रीला दुरुस्त करता येतं, तेच घ्या. अभिजितच्या त्या डायरेक्ट ड्राइव्ह (गिअरशिवाय मोटर थेट पाती फिरवते अशा) मॉडेलचे पार्ट सांगलीत मिळतात का, हे त्याने इथे सांगावं.

अभिजित, सांगली
नाही मिळत. टेल मोटर जळली तेव्हा माझं मॉडेल चार महिने कपाटावर होतं. हे मी वर लिहायला हवं होतं, नाही लिहिलं, ती माझी चूक. ४५० ला टी-रेक्स या मॉडेलची नक्कल केलेले इतके किट निघालेत की एकाचा शाफ्ट दुसऱ्याला बसतो, कुणा ना कुणाच्या डब्यात तो सापडतोच. तेवढ्यापुरतं सुहासरावांचं बरोबर. म्हणजे प्रथमेशच्या गावात पार्टची सोय नसेल तर एम२ ऐवजी ४५० घ्यावं, इथपर्यंत मी यायला तयार आहे.

पण ६०० नाही. आपल्या ड्रोन नियमांप्रमाणे २ किलोपर्यंत बिनव्यापारी उडवायला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही. ६०० तीन किलोच्या पुढे भरतं, ती भानगड वेगळी. आणि सुहासराव, तुम्ही ते उडवता कुठे? मागे तुमचा व्हिडिओ बघितला, शाळेचं मैदान दिसत होतं आणि कोपऱ्यात पोरं क्रिकेट खेळत होती. नवशिक्याला तुम्ही तेच शिकवणार?

सुहास, ठाणे
तो व्हिडिओ ५०० चा होता, रविवारी सकाळी साडेसहाचा. पोरं आली तसं मी उतरवलं, व्हिडिओ तिथेच संपतो. पूर्ण बघून बोलत जा. दोन मुलींचा बाप आहे मी, दुसऱ्यांच्या पोरांच्या डोक्यावर पाती फिरवायला मला कुणी वेडा समजू नये. हा आरोप मागे घ्या, नाहीतर मी या धाग्यावर पुढे लिहिणार नाही.

अभिजित, सांगली
परत बघितला. उतरवताय हे खरं. आरोप मागे घेतो. पोरं शिरू शकतील अशा मैदानात ५०० उडवू नये, हे मत कायम आहे.

शिरीषकाका, नाशिक
मैदानच कुठे उरलंय? माझ्या रानात आता सात मजली इमारती आहेत. पुण्यातही तेच, लोहगावचा विमानतळ शहरातच, शिवाय हवाईदलाचा तळ, उडवायला जागा कुठे? उडवायची जागा ठरल्याशिवाय माप ठरवता येत नाही, हे आधी लिहा. मोठ्या मॉडेलला तुमच्यासमोर निदान एक फुटबॉलचं मैदान रिकामं हवं. ते नसेल तर छोटंच घ्यावं लागतं, आवडो न आवडो. एवढ्यापुरता मी अभिजितच्या बाजूला.

प्रथमेश, कोल्हापूर
सगळ्यांचे आभार. थोडं उशिरा लिहितोय, पण मी गेल्या शनिवारी घेऊन बसलोय. एका ओळखीच्या दादांकडून जुनं ५०० मिळालं, फ्लायबारवालं (पात्यांवर तोलकाडी असलेलं, जुन्या धाटणीचं), ४२५ ची कार्बन पाती, सोबत दोन ६एस (सहा सेलच्या) बॅटऱ्या. दोन वर्षं पेटीत होतं. ‘एकदाच हलकं पडलं होतं’ म्हणाले. उद्या सकाळी शेतात उडवून बघणार होतो. माझ्याकडे सिम्युलेटर नाही.

अभिजित, सांगली
प्रथमेश, उद्या उडवू नकोस.

सुहास, ठाणे
अजिबात नको. अभिजित म्हणतोय तसंच. आधी मोटरच्या तिन्ही वायर सोडव, मगच बॅटरीला हात लाव. बॅटऱ्या फुगल्यात का? प्रत्येक सेलचा व्होल्टेज लिही.

शिरीषकाका, नाशिक
पाती काढ. उजेडात धरून मुळाशी, बोल्टच्या भोकाजवळ बारीक रेघ दिसते का बघ. नख फिरव. नख अडकलं तर ते पातं गेलं, कितीही नवीन दिसू दे. मग हेडमधून (पाती बसतात त्या भागातून) फेदरिंग शाफ्ट काढ आणि काचेवर लोळवून बघ. आरसा चालेल.

प्रथमेश, कोल्हापूर
एक बॅटरी फुगलीये. दुसरीचे सेल ३.८१, ३.८०, ३.८१, ३.७९, ३.८०, ३.४२. पाती बघितली, एकावर नख अडकतंय, दिसायला मात्र काहीच नाही. शाफ्ट आईच्या ड्रेसिंग टेबलच्या काचेवर लोळवला. अर्ध्या फेऱ्याला उचलतो, मधून उजेड दिसतो.

शिरीषकाका, नाशिक
वाकलाय. त्या एका हलक्या पडण्यातच वाकला असणार. त्यावर पाती फिरली असती तर हेड थरथरून काय सुटलं असतं सांगता येत नाही, आणि तू समोरच उभा असतास. दोन्ही पाती एकदम बदल, जोडी मिळून येते. फुगलेली बॅटरी घरात ठेवू नकोस, बाहेर वाळूच्या बादलीत ठेव, चार्जरला परत लावू नकोस.

सुहास, ठाणे
दुसरीही वापरू नकोस, ३.४२ वाला सेल गेलेला आहे. ५०० चे दोन शाफ्ट माझ्याकडे पडून आहेत, पत्ता मेसेजमध्ये पाठव, सोमवारी कुरिअर करतो. पैसे नकोत.

अभिजित, सांगली
मी पुढच्या रविवारी कोल्हापूरला येतोय. सांगलीहून तासाभराचा रस्ता. लॅपटॉपवर सिम्युलेटर आणि माझा जुना रिमोट आणतो, तो तुझ्याकडेच राहू दे. पिच गेजही (पात्यांचा कोन मोजायचं साधन) आणतो. हेड परत बांधू, ते तुझ्या हाताने. उडवायचं नाही त्या दिवशी.

प्रथमेश, कोल्हापूर
चालेल. आईला सांगितलं, ती म्हणाली जेवायलाच या.