सिकलसेल तपासणीचा निकाल कोणाकोणाला कळावा?

आश्रमशाळेतील शिक्षिका, नंदुरबार जिल्हा
मागच्या महिन्यात आमच्या शाळेत मुलांच्या बोटातून रक्ताचा थेंब घेऊन सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजाराची तपासणी झाली आणि चार दिवसांनी प्रत्येक नावापुढे ‘वाहक’ (म्हणजे स्वतः आजारी नाही, पण दोष पुढच्या पिढीत जाऊ शकतो), ‘रुग्ण’ किंवा ‘निरोगी’ असे लिहिलेली यादी कार्यालयाबाहेरच्या फळ्यावर लागली. दुसऱ्याच दिवशी नववीतल्या एका मुलीची आई येऊन म्हणाली, “बाई, मोठी झाल्यावर हिला मागणी कोण घालील?” मला उत्तर सुचले नाही. तपासणी हवीच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत आदिवासी भागांतील सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले गेले. म्हणजे अशी माहिती आता गावोगावी साठत जाणार. ती कोणाजवळ असावी?

प्रयोगशाळा तंत्रज्ञ
बाई, ती यादी आजच्या आज फळ्यावरून काढून टाका. शिवाय चाचणी कोणती झाली तेही विचारा. सोल्युबिलिटी चाचणीत द्रावण गढूळ होऊन नळीमागच्या काळ्या रेघा दिसेनाशा झाल्या, तर रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे एवढेच कळते. मूल वाहक आहे की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या चाचण्या केल्याशिवाय सांगता येत नाही.

दुसरे असे की मुलाचा निकाल त्याच्या एकट्याचा नसतो. मूल वाहक निघाले तर आईवडिलांपैकी निदान एकाकडून सिकल हिमोग्लोबिनचे जनुक आलेले असते. दोघेही निरोगी निघाले, तर नमुन्यांची अदलाबदल झाली का हे आम्ही आधी तपासतो. तीही नसेल, तर ज्या गोष्टीची चौकशी करायला आम्ही गेलोच नव्हतो अशी घरातली गोष्ट आमच्या हाती येते. अशा वेळी आईशी एकांतात बोलणे भाग असते. फळ्यावरच्या यादीत ही सोय नाही.

रुग्णाचा बाप, गडचिरोली
गुप्ततेचे महत्त्व मान्य करूनही मला दुसरी बाजू मांडावीशी वाटते. माझ्या चुलतभावाच्या मुलीला हा आजार असल्याचे त्या घराने लाजेपोटी लपवले. आम्ही नवराबायको दोघेही वाहक आहोत हे आमच्या मुलाचे हातपाय सुजून तो रात्रभर कळवळू लागला तेव्हा कळले. दोघे वाहक असले की प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी होण्याची शक्यता २५ टक्के असते, हे आधी कोणी सांगितले असते तर आम्ही वेळीच गर्भजल तपासणीचा विचार केला असता. म्हणून निकाल कपाटात कुलूपबंद राहू नये. ज्याचा निकाल त्याच्या संमतीने, आशाताईंमार्फत, जवळच्या नातेवाइकांपर्यंत तो पोहोचावा.

आरोग्यसेवेतील डॉक्टर
ग्रीसमधील ऑर्खोमेनोस या गावात पूर्वी अशीच तपासणी झाली होती. वाहकांना कलंक लागला आणि लग्न जुळवताना काही जण निकाल लपवू लागले, म्हणजे ज्यासाठी तपासणी केली तेच बाजूला पडले. वाहक हा आजारी नसतो आणि दोन्ही जोडीदारांची तपासणी एकत्र पाहिली तरच निकालाला अर्थ असतो, हे निकाल देण्याआधी समजावले पाहिजे, नंतर नव्हे.

आश्रमशाळेतील शिक्षिका
यादी काढून टाकली. येत्या बाजाराच्या दिवशी पालक गावात येतील तेव्हा समुपदेशक त्यांच्याशी एकेक करून, पावरी बोलीत बोलणार आहेत. त्या मुलीच्या आईला मी सर्वांत आधी बोलावले आहे.