गेम बॉयचा खेळ एम्युलेटरवर पूर्ण झाला. कार्ट्रिज आणि खोका करण्यापूर्वी काय तपासावे?

चारछटा यांचा प्रश्न

गेली दीड वर्षे सवडीने मी निन्टेन्डोच्या मूळ गेम बॉय या हाती धरून खेळायच्या यंत्रासाठी एक छोटा कोडेखेळ लिहीत होते आणि आता तो पहिल्या पडद्यापासून शेवटपर्यंत विनाअडथळा खेळता येतो. कोड सी भाषेत असून जीबीडीके-२०२० हा गेम बॉयसाठीचा साधनसंच वापरला आहे. रॉम, म्हणजे कार्ट्रिजमध्ये भरायची खेळाची फाइल, २५६ किलोबाइटची, म्हणजे १६ किलोबाइटच्या सोळा बँकांची (आळीपाळीने निवडायच्या स्मृतीच्या तुकड्यांची) झाली आहे आणि खेळाडूला प्रगती जतन करण्यासाठी तीन जागा दिल्या आहेत. मात्र आजवरची सगळी चाचणी संगणकावरील एम्युलेटरवरच, म्हणजे यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवरच, झाली आहे.

फाइल मोफत ठेवण्याबरोबरच पन्नास प्रती खऱ्या कार्ट्रिजवर, छापील पुस्तिका आणि पुठ्ठ्याच्या खोक्यासह काढाव्यात असा विचार आहे. खोक्याचे चित्र तयार असल्यामुळे छपाई आधी उरकून घ्यावी, असे वाटते. त्याआधी जाणकारांकडून तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. एम्युलेटरवर निर्दोष चालणारा खेळ खऱ्या यंत्रावर कोणत्या कारणांनी बिघडू शकतो? जतन करण्याची सोय असलेला बोर्ड निवडताना काय पाहावे? आणि यंत्र सुरू होताना दिसणारे कंपनीचे बोधचिन्ह रॉममध्ये असावेच लागते, तर मग ते खोक्यावर छापण्यास हरकत असते का?

सोल्डरधूर यांचा प्रतिसाद

छपाई सर्वांत शेवटी करा. बोर्ड बदलला की कवच बदलू शकते, कवच बदलले की लेबलाचे माप बदलते, आणि पुस्तिकेत "तीन जागा" असे छापून झाल्यावर एकच जागा भरवशाची आहे असे कळले तर पन्नास पुस्तिका रद्दीत जातात. मोफत फाइलमधील चूक दुसऱ्या दिवशी दुरुस्त करता येते. टपालाने गेलेल्या कार्ट्रिजमधील चूक तिथेच राहते.

एम्युलेटर आणि यंत्र यांतला सर्वांत नेहमीचा फरक चित्रस्मृतीचा, म्हणजे व्हीरॅमचा असतो. पडद्यावरील एखादी ओळ प्रत्यक्ष आखली जात असताना यंत्र प्रोसेसरला व्हीरॅममध्ये लिहू देत नाही. लिहिलेला बाइट मुकाट्याने गळून पडतो आणि कोठेही त्रुटी दिसत नाही. चित्राच्या १४४ ओळी संपल्यावर पुढच्या दहा ओळींएवढा, म्हणजे सुमारे १.१ मिलिसेकंदाचा जो मोकळा काळ मिळतो, त्यात मोठे बदल उरकावे लागतात. जीबीडीकेची नेहमीची फंक्शने योग्य क्षणाची वाट स्वतः पाहतात, पण घाईत कोठे थेट पॉइंटरने लिहिले असेल तर ढिसाळ एम्युलेटर ते खपवून घेतो आणि यंत्रावर मात्र शब्दांतली अक्षरे गायब होतात. सेमबॉय किंवा बीजीबीसारखा काटेकोर एम्युलेटर वापरा. बीजीबीमध्ये अशा अवैध लेखनावर आणि आरंभमूल्य न दिलेल्या स्मृतीच्या वाचनावर खेळ थांबवण्याची सोय आहे, ती आजच चालू करा.

स्मृतीचा मुद्दाही यातच येतो. अनेक एम्युलेटर सुरुवातीला स्मृती शून्यांनी भरतात, तर यंत्र सुरू होते तेव्हा तिच्यात काहीही असू शकते. आरंभमूल्य न दिलेला एखादा स्थानिक चल संगणकावर वर्षभर शून्य निघेल आणि ग्राहकाच्या हातात १७३ निघेल. नव्या कार्ट्रिजमधील जतनस्मृतीचीही तीच गत असते. म्हणून जतन केलेल्या माहितीच्या आरंभी ओळखीचे काही बाइट आणि अखेरीस बेरीज-तपासणी (सर्व बाइटांची बेरीज, जी वाचताना पुन्हा करून ताडता येते) ठेवावी, आणि दोन्ही जुळल्याशिवाय ती जागा रिकामीच समजावी.

आता माझीच एक फजिती सांगतो, कारण तुमच्या "तीन जागा" वाचून ती आठवली. रॉमच्या शीर्षकात, म्हणजे आरंभीच्या माहितीच्या भागात, ०१४९ या (सोळा आधाराच्या अंकांतील) पत्त्यावर जतनस्मृतीचा आकार नोंदवतात; ०२ म्हणजे ८ किलोबाइट आणि ०३ म्हणजे ३२. माझ्या खेळात ०३ होते आणि प्रत्येक जागेला मी ऐटीत एकेक स्वतंत्र बँक दिली होती. एम्युलेटर शीर्षक वाचून तेवढी स्मृती उभी करतो, त्यामुळे सारे सुरळीत चालले. पण बोर्ड शीर्षक वाचत नाही. त्यावर जी चिप बसवली असेल तेवढीच स्मृती असते, आणि माझ्या बोर्डांवर ८ किलोबाइटची चिप होती. बँक निवडणाऱ्या तारा कोठेच जोडलेल्या नसल्याने चारही बँका प्रत्यक्षात एकच ठरल्या. एका मित्राने दुसऱ्या जागेवर नवा खेळ सुरू केला आणि पहिल्या जागेवरचा त्याच्या मुलीचा अर्धा झालेला खेळ पुसला गेला. फ्लॅश कार्ट्रिजवर, म्हणजे हवा तो खेळ पुन्हा पुन्हा भरता येणाऱ्या कार्ट्रिजवर, हा दोष दिसलाच नव्हता, कारण तिच्यावर स्मृती भरपूर असते. तेव्हा फ्लॅश कार्ट्रिजवर खेळ चालला म्हणजे तुमच्या बोर्डावर चाललाच, असे धरू नका.

बोर्ड निवडताना बँका बदलणारा नियंत्रक एमबीसी५ पद्धतीचा घ्यावा. एमबीसी१ मध्ये काही बँका थेट निवडता येत नाहीत, तसल्या भानगडी एमबीसी५ मध्ये नाहीत आणि तो ८ मेगाबाइटपर्यंत रॉम हाताळतो. फ्लॅश चिप मात्र ५ व्होल्टची आहे ना, हे विचारूनच घ्या. ३९एसएफ०४० ही ५१२ किलोबाइटची ५ व्होल्टची चिप तुमच्या खेळाला पुरून उरेल. ३.३ व्होल्टची चिप व्होल्टता बदलणाऱ्या मधल्या चिपांशिवाय सरळ जोडलेले स्वस्त बोर्डही मिळतात; ते चालतात, परंतु चिपेला तिच्या मर्यादेबाहेरचा दाब सोसावा लागतो आणि यंत्रावरही नाहक ताण येतो. जतनासाठी बटणसेल असेल तर तो पत्र्याच्या पट्ट्यांनी वेल्ड केलेला घ्यावा. खोबणीतला सेल बदलायला सोपा असतो हे खरे, पण कार्ट्रिज हातातून पडल्यावर क्षणभर जरी संपर्क तुटला तरी सारे पुसले जाते. एफरॅम, म्हणजे वीज नसतानाही माहिती टिकवणारी स्मृती, वापरल्यास सेलच लागत नाही, मात्र बोर्ड त्यासाठीच आखलेला असला पाहिजे.

पुठ्ठाकापू यांचा प्रतिसाद

वरील तांत्रिक भागात मी पडत नाही. कवच आणि खोका एवढेच माझे क्षेत्र.

कवच घेताना वरच्या एका कोपऱ्यातील खाच पाहा. मूळ गेम बॉयचे चालू-बंद बटण सरकवले की आतून प्लॅस्टिकची एक जीभ त्या खाचेत शिरते, आणि खाच नसेल तर बटण सरकतच नाही. केवळ गेम बॉय कलरसाठी असलेल्या पारदर्शक कवचांना ही खाच नसते. देखणी म्हणून अनेक जण तीच मागवतात आणि मग ज्या यंत्रासाठी खेळ लिहिला त्याच यंत्रावर तो सुरू होत नाही. मूळ कवचाचा स्क्रू ३.८ मिलिमीटरच्या खास बिटचा असतो. नव्या कवचांना साधा फुलीचा स्क्रू आल्यास कुरकुर करू नका, पुढेमागे सेल बदलणाऱ्याची सोयच होईल.

लेबल कागदी आणि इंकजेटवर छापलेले नको. अंगठा नेमका तेथेच टेकतो आणि घामाने महिन्याभरात रंग उतरतो. विनाइलवर छापून वर पातळ लॅमिनेशन घ्या, आणि माप इंटरनेटवरील तक्त्यावरून न घेता तुमच्या हातातील कवचाच्या खोलगट भागावरून घ्या, कारण निरनिराळ्या साच्यांत थोडाफार फरक असतोच. चारही बाजूंना कापरेषेबाहेर ३ मिलिमीटर चित्र वाढवून ठेवा.

खोक्यासाठी ३०० ते ३५० जीएसएमचा (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा) पुठ्ठा पुरतो. त्याहून जाड घेतला तर घडीवर शाई फुटून पांढरी रेघ दिसते, विशेषतः गडद रंगावर. घडीची रेघ आधी दाबून घेतली आणि छपाईवर लॅमिनेशन केले तर ते बरेच टळते. छापण्याआधी साध्या पुठ्ठ्याचा कोरा नमुना कापून त्यात कार्ट्रिज, आतला ट्रे आणि पुस्तिका घालून पाहा. पहिल्या खेपेला मी पुस्तिकेची जाडी धरायला विसरलो होतो, त्यामुळे झाकणाची जीभ दरवेळी फुगून बाहेर यायची. मधोमध पिन मारलेल्या पुस्तिकेची पाने मोजताना पृष्ठसंख्या चारच्या पटीत ठेवावी लागते. तुमचा मजकूर नऊ पृष्ठांचा झाला असेल तर एक पृष्ठ कापून आठ करा, उगाच बारा पृष्ठे भरत बसू नका.

परवानावाचक यांचा प्रतिसाद

बोधचिन्हाबाबत दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. रॉममधील ०१०४ ते ०१३३ या पत्त्यांवरील ४८ बाइट यंत्राचा आरंभप्रोग्राम स्वतःकडील प्रतीशी ताडून पाहतो आणि ते न जुळल्यास पुढे जात नाही. त्यानंतर ०१४डी वरील बेरीजही तपासतो. म्हणजे ते बाइट कुलपाच्या किल्लीसारखे आहेत. अशाच स्वरूपाच्या कुलपाबाबत सेगा ही खेळयंत्रे बनवणारी कंपनी विरुद्ध अ‍ॅकोलेड ही खेळ बनवणारी कंपनी या खटल्यात अमेरिकेतील अपील न्यायालयाने १९९२ मध्ये अ‍ॅकोलेडच्या बाजूने निकाल दिला होता. परंतु तो एका देशातील आणि एका विशिष्ट यंत्राबाबतचा निकाल आहे, त्यामुळे तो सर्वत्र लागू होईल असे समजू नये.

खोक्यावर बोधचिन्ह छापण्याची यंत्राला मुळीच गरज नसते. तेथे ते छापणे म्हणजे ग्राहकाला कंपनीची संमती असल्याचे भासवणे होय, आणि हरकत नेमकी त्यालाच घेतली जाते. गुणवत्तेचे सोनेरी शिक्के, अधिकृत मालिकेसारखे सांकेतिक क्रमांक आणि हुबेहूब जुन्या खोक्यांची पट्टी हे सर्व टाळावे. कोणत्या यंत्रावर खेळ चालतो ते साध्या अक्षरांत लिहावे आणि खाली "यंत्राच्या निर्मात्याचा या खेळाशी संबंध नाही" अशी एक ओळ द्यावी. संगीत आणि अक्षरसंच इतरांचे असतील तर त्यांच्या परवान्यात विक्रीची मुभा आहे का हेही पाहा. "मोफत वापरा" असे लिहिलेल्या पुष्कळ गोष्टी विक्रीसाठी मोफत नसतात.

चारछटा

सर्वांचे आभार. छपाई थांबवली आहे. बीजीबीमधील ती सोय चालू करताच दुसऱ्या मिनिटाला खेळ थांबला. दार उघडण्याच्या प्रसंगी दाराच्या चार टाइल (चित्राचे छोटे चौकोन) मी खरोखरच पॉइंटरने थेट लिहीत होते. एका ओळखीच्यांकडून मूळ यंत्र आणि फ्लॅश कार्ट्रिज मागून आणली, तर तेथे जुन्या कोडमध्ये दार उघडल्यावरही त्याचा डावा अर्धा भाग बंदच दिसत होता.

०१४९ वर माझ्याकडेही ०३ च निघाले, आणि तीन जागा तीन बँकांत. एका जागेची माहिती २०० बाइटही नाही. तिन्ही एकाच बँकेत घेतल्या तर पुरे ना?

सोल्डरधूर

पुरे, आणि वर जागा उरेल. प्रत्येक जागेला २५६ बाइट द्या आणि प्रत्येकीच्या दोन प्रती ठेवा. ते १,५३६ बाइट होतात, तर ८ किलोबाइटच्या बँकेत ८,१९२ असतात. एक प्रत पूर्ण लिहून तिची बेरीज जुळल्यावरच दुसरी लिहा, म्हणजे लिहिता लिहिता कोणी यंत्र बंद केले तरी एक प्रत शाबूत राहते. लिहून झाले की जतनस्मृती लगेच बंद करा, कारण वीज जाताना तारांवर येणारे भरकटलेले संकेत उघड्या स्मृतीत काहीही लिहू शकतात. शीर्षकात ०२ करायला विसरू नका, नाहीतर ही चूक एम्युलेटर तुम्हाला पुन्हा कधीच दाखवणार नाही.

पन्नास बोर्ड एकदम मागवू नका, आधी पाच मागवा. प्रत्येकात रॉम भरल्यावर ती परत वाचून मूळ फाइलशी ताडून पाहा, तिन्ही जागांवर वेगवेगळी प्रगती जतन करा, कार्ट्रिज काढून रात्रभर ठेवा आणि सकाळी तिन्ही उघडा. आवृत्तीचा क्रमांक खेळाच्या पहिल्या पडद्यावर घाला आणि लेबलाच्या कोपऱ्यातही बारीक छापा. पुढे एखाद्याने दोष कळवला तर त्याच्या हातात कोणती प्रत आहे हे कवच न उघडता कळेल.