वर्गणी न भरता डब्यात हात: काय चालतं, काय फसतं?

चार-आठ जण मिळून ऑफिसात खाऊचा डबा भरतात. एक सहकारी न चुकता खातो, पण पैसे काढायची वेळ आली की जागेवर सापडत नाही. या धाग्यावर कोण कसा वागला याच्या कहाण्या नकोत. ज्यांनी वर्गणी चालवली, हिशेब ठेवला किंवा टीम सांभाळली, त्यांनी नेमकं लिहा: कोणती पद्धत टिकते, कुठे बिघडते आणि बोलायचं तर कोणत्या शब्दांत.

खजिनदार

आधी हिशेब करा, मग चिडा. खाणारे आठ, भरणारे सात आणि सगळे सारखंच खातात असं धरलं, तर प्रत्येक भरणाऱ्यावर साधारण १४ टक्के जादा बोजा पडतो. फुकट खाणारा दुप्पट खात असेल तर रोज नऊ वाटे लागतात आणि बोजा २९ टक्क्यांच्या आसपास जातो. वीस जणांत मात्र एकाने आपल्यापुरतं फुकट खाल्लं तर बाकीच्यांना जेमतेम ५ टक्के लागतात. तिथे विषय काढूच नये, वर्गणी तेवढी वाढवावी.

खरं दुखणं पैशाचं नसतंच. बुधवारपर्यंत डबा तळाला जातो आणि दुपारच्या पाळीतल्यांच्या वाट्याला चुरा येतो, भांडण त्यावरून होतं. म्हणून आठवड्याचा सगळा माल एकदम बाहेर मांडू नका. आठ जण आणि महिन्याचे २२ दिवस म्हणजे १७६ वाटे. त्यातले रोज आठ-नऊच बाहेर काढा, तेही दोन खेपांत: अर्धे सकाळी, अर्धे चारच्या सुमाराला. बाकीचं कुलपाच्या ड्रॉवरमध्ये. किल्ल्या दोघांकडे हव्यात, नाहीतर एकाने रजा घेतली की सगळे उपाशी.

पैसे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात घ्या, महिनाअखेरीला नाही. खाऊन झाल्यावर मागायला गेलं की "या महिन्यात मी फारसं खाल्लंच नाही" हे ऐकावं लागतं. माणूस खोटं बोलतोय असंही नाही, येताजाता तोंडात टाकलेलं कोणाच्याच लक्षात राहत नाही. रक्कम ठरवताना मागच्या महिन्याचा खर्च भरणाऱ्यांत वाटा आणि वर १० टक्के धरा. पाहुणे, दुसऱ्या विभागातून आलेले, सफाई आणि सुरक्षेचे कर्मचारी यांचं खाणं त्या दहा टक्क्यांतून. त्यांच्याकडे हिशेब मागायचा नाही.

कोपऱ्यातलं टेबल

बऱ्याच तक्रारींत समोरच्याला ठाऊकच नसतं की डबा वर्गणीचा आहे. एकाच टेबलावर तीन प्रकारचा खाऊ असतो: कंपनीने ठेवलेला, वर्गणीतून आणलेला आणि वाढदिवसाला किंवा प्रवासाहून येताना कोणी सगळ्यांसाठी आणलेला. नव्या माणसाने ओळखायचं कसं? जागा वेगळ्या करा. वर्गणीचा डबा गटातल्याच कोणाच्या टेबलावर हवा, पाण्याच्या यंत्राशेजारी ठेवलेलं सगळ्यांचंच वाटतं. प्रेमाने आणलेल्या खाऊचा हिशेब कधीही काढू नये. कोणी तिन्ही वेळा खाल्लं आणि स्वतः एकदाही काही आणलं नाही, तरी नाही.

चिठ्ठी अशी लिहा: "हा डबा आठ जणांच्या वर्गणीतून भरतो. सामील व्हायचं असेल तर अमुक यांना सांगा." "फक्त सभासदांसाठी" लिहिलं की न खाणारेही दुखावतात.

शंकासुर

चिठ्ठीवर डोळ्यांचं चित्र लावा असा सल्ला कोणीतरी देईलच, म्हणून आधीच लिहितो. न्यूकॅसल विद्यापीठातला २००६ सालचा प्रयोग त्यामागे आहे. चहा-कॉफीच्या दरपत्रकावर एका आठवड्याला फुलं, दुसऱ्या आठवड्याला डोळे. डोळ्यांच्या आठवड्यात पैशांच्या पेटीत जवळजवळ तिप्पट पैसे पडले. पण तिथे पेटी निनावी होती आणि दर लिहिलेला होता. तुमच्याकडे दोन्ही नसेल तर चित्र ही नुसती सजावट.

टीम सांभाळणारी

बोलण्याबद्दल. ग्रुपवर "काही जण नुसतेच खातात" असा टोमणा टाकला की नियमित भरणारे दोघे-तिघे घाबरून पावत्या दाखवतात आणि ज्याच्यासाठी लिहिलं तो अंगठ्याचा इमोजी टाकून मोकळा होतो. त्याला तो टोमणा आपल्यासाठी आहे असं वाटतच नाही. बोलायचं ते एकट्याशी, डब्यापासून दूर आणि दोन-तीन आठवड्यांच्या आत. सहा महिने गिळून मग बोललं की आवाजातच मागची बाकी येते.

वाक्यं साधी ठेवा. बरोबरीच्याला: "अरे, तो डबा आम्ही वर्गणीतून भरतो, तुला कोणी सांगितलं नसेल. पुढच्या महिन्यापासून तुझं नाव घालू का?" वयाने किंवा हुद्द्याने मोठ्यांना: "सर, खाऊची यादी करतेय. तुमचं नाव धरू की नको?" दोन्हींत "नको" म्हणायला जागा आहे, ती ठेवाच. प्रश्न विचारून गप्प राहा. आपणच घाईने "नाही, म्हणजे काही नाही हो" म्हटलं की तो प्रश्न पुन्हा विचारता येत नाही.

मागचे पैसे मागू नका. ते वसूल होत नाहीत आणि पुढचेही जातात.

"नको" म्हणूनही हात डब्यात गेला तर तिथल्या तिथे, हसऱ्या आवाजात: "तुम्ही यादीत नाही ना? घालू आता?" बहुतेक वेळा एवढ्यावर मिटतं. नाही मिटलं तर डबा ड्रॉवरमध्ये हलवा. वरिष्ठांकडे नेण्याइतका हा विषय मोठा नाही. लोकांच्या बॅगेतले किंवा नाव लिहिलेले डबे उघडले जात असतील तर ती वेगळी बाब आहे, ती जरूर न्या.

आणि धडा शिकवायला खाऊत तिखट, जुलाबाचं औषध वगैरे काही मिसळायचं नाही. गंमत म्हणूनही नाही. कोणाला कसली ॲलर्जी आहे, कोण कुठलं औषध घेतं हे आपल्याला माहीत नसतं. समोरचा आजारी पडला तर "त्याने चोरून खाल्लं" हा बचाव टिकत नाही, जाणूनबुजून इजा केल्याची तक्रार मात्र टिकते.

दंडाच्या विरोधात

"न भरणाऱ्याने एक दिवस सगळ्यांना खाऊ द्यायचा" असे दंड लावू नका. इस्रायलमध्ये हैफा इथल्या पाळणाघरांत उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावून पाहिला, त्याचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. उशीर घटण्याऐवजी वाढला, साधारण दुपटीपर्यंत गेला आणि दंड काढल्यावरही खाली आला नाही. आधी थोडी लाज वाटत होती, दंडाने तिची किंमत ठरवून दिली. खाऊचंही तेच होतं: दंड भरला की माणूस हक्काने खातो.

पाळीवाले

वर्गणीपेक्षा पाळी, म्हणजे दर आठवड्याला एकेकाने सगळ्यांचा खाऊ आणायचा, ही पद्धत बरी असं आमच्यासारख्यांचं मत, पण सहा जणांपर्यंतच. आठ-दहा जण झाले की पाळी दोन-अडीच महिन्यांनी येते आणि सगळ्यांच्या डोक्यातून जाते. तारखांचा कागद डब्याच्या झाकणाच्या आतून चिकटवा. रजा असेल तर बदली ज्याची त्याने शोधायची. किती आणायचं ते नगांत किंवा वजनात ठरवा, "पुरेल एवढं" म्हणू नका. ते न ठरवल्याने प्रत्येक फेरीत पुडा लहान होत जातो, आणि मग फुकट्यापेक्षा काटकसऱ्याचाच राग जास्त येतो.

खजिनदार

@पाळीवाले, पाळीत एक अडचण राहते: ज्याला त्या महिन्यात खरोखर जमत नाही तो उघडा पडतो. वर्गणीत ते फक्त हिशेब ठेवणाऱ्याला कळतं आणि तिथेच राहतं. तोंडाने मागता न येणारी सूट "या महिन्यात डबे धुणं आणि आणणं तुझ्याकडे, वर्गणी नको" अशी देता येते.

कोपऱ्यातलं टेबल

राहिलंच. सुटा खाऊ बरणीत ओतलात तर मूळ पाकिटाची घटकांची यादी कापून बरणीवर लावा. शेंगदाणे, तीळ, दूध हे आधी कळायला हवं. बरणीत लांब दांड्याचा चमचा ठेवा. एकेका वाट्याच्या पुड्या मोजायला सोप्या, पण खिशात घालायलाही सोप्या. सुटा खाऊ उभ्याउभ्या खावा लागतो, त्यामुळे कमी जातो.

खजिनदार

नोकरी सोडणाऱ्याला उरलेल्या दिवसांचे पैसे त्याच आठवड्यात परत करा. २२ दिवसांची वर्गणी भरून तो १२ दिवसांनी गेला तर २२ पैकी १० हिस्से त्याचे. मागायची वाट पाहू नका.