व्यापारी आणि भाडोत्री, म्हणून अख्खी जमात लबाड?

मुठाकाठ :
डी-वीस यांनी काल इथे त्यांच्या नव्या कॅम्पेनची, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये टेबलाभोवती बसून फाशांनी खेळायच्या सलग गोष्टीची, ओळख टाकली. त्यात झुरक नावाची गॉब्लिनसारखी जमात आहे. बुटके, लांब कानांचे, युद्धात दोन्ही बाजूंना शस्त्रं विकणारे, थैली जड दिसेल तिकडून लढणारे. इथपर्यंत मजा आली. पण शेवटी लिहिलंय की झुरक रक्तातूनच कपटी असतात, तेव्हा त्यांची वस्ती जाळताना खेळाडूंनी मनाला लावून घेऊ नये. खाली वाहवाही झाली. राहवत नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

कपटी व्यापारी मलाही हवा आहे. तो नसेल तर बाजारातलं सेशन अळणी होतं. पण कपट रक्तातच टाकलं की त्याला भीती, हिशेब, कारण काही उरत नाही. वर वस्ती जाळायची मोकळीक मिळते ती वेगळीच.

आणि हे नुसतं कल्पनेतलं नाही. दख्खनमध्ये फौजांमागे धान्याचे बैल हाकत बंजारा तांडे जायचे. त्यांनी मोगलांना रसद पुरवली, मराठ्यांना पुरवली, १८०३ च्या मोहिमेत इंग्रजांच्या आर्थर वेलस्लीलाही पुरवली. तो त्यांचा धंदा होता आणि प्रत्येक सेनापती त्यांच्यावर अवलंबून होता. मग रेल्वे आली, धंदा बसला. १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला आणि काही भागांत बंजाऱ्यांचीही त्यात नोंद झाली. पाळण्यातलं पोरही गुन्हेगार! या जमाती विमुक्त व्हायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडला. झुरकांचं वर्णन आणि त्या कायद्यामागची समजूत शेजारी ठेवून वाचा.

डी-वीस :
माझ्या डोक्यात बंजारा नव्हते, कोणीच नव्हतं. हिरवे, लांब कानांचे प्राणी होते. रविवारी आम्हाला चार तास मिळतात. एक जण हडपसरहून येतो, एक निगडीहून, दोघांची सोमवारी पहाटेची शिफ्ट असते. त्यांना फासे टाकायचेत, कोणाला तरी ठोकायचंय. प्रत्येक शत्रूमागे त्याचं बालपण लावत बसलो तर लढाई कधी करायची? सांगाडे मारताना कोणी विचारत नाही की बाबा, तू जिवंतपणी कोण होतास.

मुठाकाठ :
सांगाड्याला पोरंबाळं नसतात, बाजार नसतो, त्याच्याशी करार होत नाही. झुरकांना हे सगळं तुम्हीच दिलंय. ऑर्क आणि ड्राऊ या खेळातल्या जमाती सरसकट दुष्ट दाखवणं बरोबर नाही, हे डंजन्स अँड ड्रॅगन्स काढणाऱ्या विझर्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीनेही २०२० मध्ये जाहीरपणे मान्य केलं. ज्यांचा खेळ आहे तेच बदलतायत, आपण कशाला अडून बसायचं?

कॅफेतला_शामन :
मला दोघांचंही पटलं नाही. वॉरक्राफ्ट या कॉम्प्युटर गेमचे गॉब्लिन बघा. कझान बेटावर ते ट्रोलांचे गुलाम होते, खाणीत काजामाइट उपसायचे. त्याच खनिजाने त्यांची डोकी चालायला लागली आणि त्यांनी मालकांना उलथवलं. १९९५ च्या दुसऱ्या भागात ते होर्डकडून, म्हणजे ऑर्कांच्या बाजूने लढतात, २००२ च्या तिसऱ्या भागात दुकान मांडून बसतात, जो येईल त्याला माल. २०१० च्या कॅटॅक्लिझममध्ये ज्वालामुखी फुटतो तेव्हा त्यांचा म्होरक्या, ट्रेड प्रिन्स गॅलिविक्स, आपल्याच लोकांना जहाजावर घेतो आणि गुलाम करायला बघतो. म्हणजे फसवणारा गॉब्लिन आणि त्याच्याविरुद्ध उभा राहणाराही गॉब्लिन.

टिळक रोडजवळच्या एका कॅफेत आम्ही रात्ररात्र बसायचो. मी शाळेत बुटका, भिंगाचा चष्मा, रोज कोणाचा तरी मार खाणारा. ताकद नसेल तर डोक्याने जिंकता येतं, हे मला त्या हिरव्या माणसांनी शिकवलं. त्यांची लबाडी पुसून त्यांना साधुसंत करू नका, हात जोडतो.

भुसारबाजार :
माझे वडील मार्केट यार्डात भुसार मालाचे व्यापारी. आमच्या काट्यावर दरवर्षी सरकारी शिक्का बसायचा आणि वडील तो गिऱ्हाईकाला दाखवायचे. शाळेच्या गॅदरिंगमध्ये नाटक असलं की सावकार मलाच मिळायचा. काळी टोपी, नाकावर घसरलेला चष्मा, माप मारणारे हात. बाईंना वाटायचं, याला उपजतच जमतं. वडील समोर बसून टाळ्या वाजवायचे आणि घरी आल्यावर जेवायचे नाहीत. तेव्हा डी-वीस, तुमच्या डोक्यात कोणी नव्हतं हे ठीक, पण कोणाला तरी लहानपणापासून ते सोंग घालावं लागतं.

भीमथडी :
भावना समजली, पण सावकाराचं हे चित्र हवेतून आलेलं नाही. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात लोकांनी मारवाडी-गुजर सावकारांची दुकानं फोडली, वह्या आणि कर्जाची खतं जाळली. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला चढलेला भाव युद्ध संपल्यावर कोसळला होता, त्यात सरकारने शेतसारा वाढवलेला. अंगठा उठवलेल्या कागदावर काय लिहिलंय हे कुणब्याला कळत नव्हतं. आमच्या घरात गहाण गेलेल्या शेताचं नाव आजही निघतं. आम्ही गोष्टीत लबाड सावकार रंगवला तर तो आमचा हक्क आहे.

मुठाकाठ :
तुमचा दाखला माझ्याच बाजूचा आहे. जिथे सावकाराने खतं मुकाट्याने दिली, तिथे बहुतेक वेळा त्याला कोणी हात लावला नाही. राग कशावर आहे हे त्या शेतकऱ्यांना पक्कं ठाऊक होतं : कागदावर. १८७९ चा कायदा आला तोही कर्जाचे व्यवहार तपासण्यासाठी. लबाड सावकार जरूर रंगवा, पण त्याच्या हातात खत द्या.

भीमथडी :
खताचं म्हणाल तर मान्य. पण सावकारावर दया दाखवायला सांगू नका, ते जमणार नाही.

शनिवारातला :
सगळे व्यापाऱ्यांतच अडकलात. भाडोत्री सैनिकांचं काय? पुण्यात राहून त्यांचा कैवार घेता? ३० ऑगस्ट १७७३, शनिवारवाडा, सुमेरसिंग गारदी. गारदी म्हणजे पगारी कवायती शिपाई. थकलेल्या पगाराचं निमित्त करून आत घुसले आणि अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांना कापलं. पैशासाठी लढणारा पैशासाठीच फिरतो. डी-वीस यांनी बरोबर लिहिलंय.

तोफखाना :
आणि इब्राहिमखान गारदी? तोही निजामाची चाकरी सोडून आलेला पगारी माणूस. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर त्याच्या कवायती पायदळाने अब्दालीकडच्या रोहिल्यांची फळी फोडली. स्वतःची पलटणं डोळ्यांसमोर संपली तरी तो हलला नाही, शेवटी पकडला गेला आणि मारला गेला. त्याच दुपारी होळकर मैदान सोडून निघून गेले. सांगा आता, फिरलं कोण?

माळव्याचा :
होळकरांबद्दल तोंड सांभाळून लिहा. गनिमी काव्याने लढा, बायकापोरं आणि जड तोफा मागे ठेवा, हे मल्हाररावांनी आधीच सांगितलं होतं. त्यांचं ऐकलं कोणी? ज्याचा सल्ला धुडकावला त्याच्यावरच खापर फोडायचं, ही पुण्याची जुनी खोड आहे.

शनिवारातला :
पुण्याची खोड काढायची गरज नव्हती. आणि तोफखाना, गोलाची लढाई, म्हणजे सगळ्या फौजेने रांग धरून एकत्र सरकायचं ते, होळकरांच्या आधी मोडली. विंचूरकर आणि गायकवाडांचं घोडदळ रांग सोडून पुढे घुसलं आणि गारद्यांच्याच तोफांना मारा थांबवावा लागला.

तोफखाना :
म्हणजे गारदी जागेवर होते आणि वतनदार जागा सोडून गेले. हेच तर मी सांगतोय! तुम्ही मला विरोध करता करता माझंच म्हणणं लिहिलंत.

शनिवारातला :
इब्राहिमखानाबद्दल कधीच वाईट बोललो नाही. तो एकटा होता. एका माणसावरून सगळ्या गारद्यांना प्रमाणपत्र देता येत नाही.

मुठाकाठ :
आणि एका सुमेरसिंगावरून सगळ्यांना फासावर चढवता येतं?

माळव्याचा :
होळकरांबद्दल जे लिहिलं ते आधी मागे घ्या, मग पुढचं बोला.

तांड्यावरची :
पानिपत जरा बाजूला ठेवा. वर बंजाऱ्यांचा विषय निघाला म्हणून लिहितेय. माझा तांडा दिग्रसकडचा. पुण्यात शिकायला आले तेव्हा हॉस्टेलवर रूममेटशी छान जमलं होतं. मग आई भेटायला आली, फेटिया-कांचळी हा आमचा बंजारा पोशाख घालून. ती गेली त्या संध्याकाळी रूममेटने कपाटाला नवीन कुलूप लावलं. एका शब्दाने बोलली नाही, पुढेही वाईट वागली नाही. फक्त कुलूप लावलं.

मी डी-वीस यांच्या टेबलावर खेळले आहे, माणूस चांगला आहे. त्यांच्या मनात आम्ही नव्हतो यावर माझा विश्वास आहे. त्या मुलीच्या मनातही आईला बघेपर्यंत काही नव्हतं. शामन म्हणतात तसं झुरकांना साधुसंत करू नका, मलाही ते बेरकीच हवेत. पण नियमात लिहिलंय की झुरक फक्त शत्रू म्हणून असतील, खेळाडूला घेता येणार नाहीत. तो नियम काढा. मला झुरक खेळायची आहे.

डी-वीस :
हे तू मला फोनवर सांगितलं असतंस तरी चाललं असतं. असो. मुठाकाठ यांच्या व्याख्यानाने मी काहीही बदललं नसतं, तुझ्यासाठी बदलतोय. झुरक खेळाडूंना खुले. वस्ती जाळल्याचे पॉइंट काढले. ते भाडोत्रीच राहतील, पण केलेला करार मोडणार नाहीत, करारातल्या फटी मात्र शोधतील. बाजारात फसवणूक राहणार. इनसाइटचा, म्हणजे समोरच्याची लबाडी ओळखायचा, रोल कमी पडला तर नंतर माझ्याशी भांडायचं नाही.

कॅफेतला_शामन :
झुरक खेळाडूला दुकानात कायम सर्वांत कमी भाव द्या. वॉरक्राफ्टमध्ये गॉब्लिनना तसाच गुण आहे.

भुसारबाजार :
परत जन्मावरच! भाव ओळखीवर कमी होतो, जन्मावर नाही. माझ्या वडिलांकडे उधारी वेळेवर फेडणाऱ्याला सूट मिळायची, मग तो कोणीही असो. दुकानदार एनपीसीची (म्हणजे खेळ चालवणारा ज्याच्या तोंडून बोलतो त्या पात्राची) वही ठेवा, त्यात प्रत्येक खेळाडूचं खातं, जो वेळेवर फेडेल त्याला सवलत.

डी-वीस :
वहीचं आवडलं. पण हिशेब कोण ठेवणार? मी लढाई सांभाळू की उधारी?

तांड्यावरची :
मी ठेवते. झुरकच आहे मी.

भुसारबाजार :
व्याज किती लावणार ते आधी ठरवा. आणि खतावर दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या, नाहीतर भीमथडी येऊन वही जाळतील.

भीमथडी :
दर महिन्याला वही उघडी वाचून दाखवा, नाही जाळणार.