मदत हवी आहे: बर्लिनचा कार्नेवाल देअर कुल्टुरेन, आईसोबत आणि कमी खर्चात

नमस्कार मंडळी,

मी जर्मनीत माग्डेबुर्गला शिकते. मे महिन्यात आई पुण्याहून येतेय आणि तिला बर्लिनचा कार्नेवाल देअर कुल्टुरेन (म्हणजे ‘संस्कृतींचा कार्निव्हल’ हा रस्त्यावरचा उत्सव) दाखवायची माझी फार इच्छा आहे. हातात पैसे बेताचेच आहेत, म्हणून जाऊन आलेल्यांचा सल्ला हवा आहे.

आधी मनात लंडनचा नॉटिंग हिल कार्निव्हल होता. पण तो ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी आणि त्याच्या आदल्या रविवारी असतो, आणि आईच्या शेंगेन व्हिसावर ब्रिटनला जाता येत नाही. वेगळा व्हिसा काढणं परवडणार नाही. बर्लिनचा उत्सव फिंग्स्टनच्या (पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाच्या) सुट्टीत असतो: शुक्रवार ते सोमवार क्रॉइट्झबेर्ग भागातल्या ब्ल्यूशरप्लाट्झ या चौकाच्या आसपास जत्रा आणि रविवारी मोठी मिरवणूक. दोन्हीकडे प्रवेश फुकट.

हाच उत्सव का, तेही सांगते. १९९२ मध्ये रोस्टॉकच्या लिश्टनहागेन भागात परदेशी लोकांच्या वस्तीवर हल्ले झाले, पुढच्या वर्षी झोलिंगनला एका तुर्की कुटुंबाचं घर पेटवून दिलं. वंशद्वेषाला उत्तर म्हणून १९९६ पासून बर्लिनमध्ये ही मिरवणूक निघते. आई तिकडे बातम्या वाचून माझी काळजी करत असते. याच देशातले, जगभरातून आलेले लोक आपापली वाद्यं घेऊन भर रस्त्यात नाचतात, हे तिनं स्वतः पाहावं असं मला मनापासून वाटतं.

आता अडचणी. लक्ष्मी रोडला रात्रभर उभं राहून विसर्जन मिरवणूक पाहिलेली बाई आहे ती, पण आता गुडघे दुखतात. तासन् तास उभं राहणं जमणार नाही. त्या सुट्टीत हॉस्टेलचे दर चढलेले दिसतात, म्हणून आरई १ या प्रादेशिक गाडीनं सकाळी जाऊन रात्री परतायचा विचार आहे. माझ्याकडे डॉइचलँडटिकेट (देशभरातल्या स्थानिक आणि प्रादेशिक गाड्यांचा मासिक पास) आहे, आईसाठी काय करावं? स्वच्छतागृहांची सोय कशी असते? ती शुद्ध शाकाहारी आहे, अंडंही चालत नाही. आणि एकच दिवस जायचं तर मिरवणूक बघावी की जत्रा?

प्रतिसाद:

एकच दिवस आणि गुडघेदुखी असेल तर मी शनिवारची जत्रा सुचवेन. मिरवणूक तासन् तास चालते, मधे बराच वेळ नुसतं थांबावं लागतं. शिवाय २०२५ ला रस्त्याच्या कामामुळे ती क्रॉइट्झबेर्गऐवजी फ्रिडरिशहाइन या दुसऱ्या भागातून गेली, जत्रेपासून बरीच लांब. त्यामुळे यंदाचा मार्ग आधी नीट पाहून घ्या. जत्रेत मंचावर गाणं-वाजवणं चालूच असतं, कंटाळा आला की बाजूला होता येतं. मिरवणूकच बघायची असेल तर घडीचं स्टूल न्या.

जत्रेजवळच्या हालेशेस टोर मेट्रो स्टेशनवर गर्दीत चेंगरल्यासारखं वाटतं. एक स्टेशन पुढे मेरिंगडामला उतरून चालत या. स्वच्छतागृहांपुढे रांगा लांब असतात, त्यामुळे जरा दूरच्या कॅफेत चहा घेऊन तिथलं वापरणं बरं.

आईसाठीही एका महिन्याचं डॉइचलँडटिकेट काढा. तिचं तिकीट तिच्याच नावावर लागतं. महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द करायला मात्र विसरू नका, नाहीतर पुढच्या महिन्याचेही पैसे जातील. आईसीई या लांब पल्ल्याच्या जलद गाडीत ते तिकीट चालत नाही.

फलाफल (छोल्यांचे तळलेले वडे) सहज मिळतं, पण अंडं चालत नसेल तर सॉसबद्दल विचारून घ्या. खरा खर्च पेयांवर होतो, पाण्याच्या बाटल्या घरून भरून न्या. रविवारी आणि फिंग्स्टन सोमवारी दुकानं बंद असतात, अगदीच अडलं तर हाउप्टबानहोफ या मुख्य रेल्वे स्टेशनमधलं सुपरमार्केट उघडं असतं.

धागाकर्ती:

खूप आभार! शनिवारच ठरवते. दुपारच्या आत पोहोचलो तर बसायला जागा मिळेल का? आणि ढोल किंवा तालवाद्यांचे कार्यक्रम कोणत्या मंचावर असतात, हे कुणाला माहीत असेल तर नक्की सांगा. आई त्यासाठीच जास्त उत्सुक आहे.