मदत हवी आहे: नवऱ्याला पीटीएसडीची (भयंकर अनुभवानंतर होणाऱ्या मानसिक आजाराची) लक्षणं, पण उपचाराला तयार नाही

नवरा सैन्यात. मोहिमेवरून परतून पाच महिने झाले. दार आपटलं तरी दचकतो, बसतो तो कायम दाराकडे तोंड करून. रात्री ओरडत उठतो. एकदा हलवून उठवायला गेले तर झोपेतच माझं मनगट पिरगळलं. आता लांबूनच नावाने हाक मारते.

झोपेच्या गोळ्या घेऊन झाल्या, स्वप्नं तशीच. दारू नाही. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार येतो का, हेही सरळ विचारलं, नाही म्हणाला. ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने त्रासदायक आठवणींवर काम करणारी थेरपी), ट्रॉमासाठीची (मानसिक आघातासाठीची) सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला मदत करणारी थेरपी, याबद्दल वाचलंय, पण ‘रेकॉर्डवर आलं की बढती संपली’ एवढंच त्याचं उत्तर.

ज्यांच्या घरी हे झालंय त्यांना विचारते: आधी मी एकटीच थेरपिस्टकडे गेले तर उपयोग होतो का? आणि बाबा तुझ्यावर चिडलेला नाही, हे आठ वर्षांच्या मुलीला तुम्ही कोणत्या शब्दांत सांगितलंत?