मेसालामिन कमी करून प्रोबायोटिक आणि कर्क्युमिनवर राहता येईल का? (अल्सरेटिव्ह कोलायटिस)

कृष्णाकाठ:

सर्वांना नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत शिक्षक आहे, वय 41. 2018 च्या पावसाळ्यात मला शौचावाटे रक्त जाऊ लागले. मूळव्याध समजून दोन महिने घरगुती उपायांत घालवले आणि अखेर कोलोनोस्कोपीत (मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणीत) डाव्या बाजूचा अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज आणि व्रण येण्याचा दीर्घकालीन आजार, असल्याचे निष्पन्न झाले. तेव्हापासून रोज 2.4 ग्रॅम मेसालामिन हे आतड्याची सूज कमी करणारे औषध चालू आहे. मधल्या काळात आजार दोनदा उफाळला आणि दोन्ही वेळा स्टेरॉइड घ्यावे लागले. गेले 14 महिने मात्र रक्त नाही, वजन स्थिर आहे आणि शाळेत तास अर्धवट सोडून धावण्याची वेळ एकदाही आलेली नाही.

गेल्या महिन्यात मेहुण्यांच्या ओळखीने एका 'गट हेल्थ' (आतड्याचे आरोग्य) सल्लागारांशी बोलणे झाले. त्यांच्या मते माझ्या आजाराचे मूळ आतड्यातील जिवाणूंच्या बिघडलेल्या समतोलात आहे आणि मेसालामिन केवळ लक्षणे दाबून ठेवते. त्यांनी सुचवलेल्या संचात रोज 1,000 कोटी जिवाणूंची प्रोबायोटिक (उपयुक्त जिवंत जिवाणूंची) कॅप्सूल, काळ्या मिरीच्या अर्कासह 500 मिलिग्रॅम कर्क्युमिन (हळदीतील मुख्य घटक), ग्लुटामिन या अमिनो आम्लाची पावडर आणि ड जीवनसत्त्व आहे, आणि त्याचा महिन्याचा खर्च 6,800 रुपये आहे. गहू, दूध आणि दही पूर्ण बंद करायचे, तीन महिन्यांनी मेसालामिन निम्मे करायचे आणि सहा महिन्यांनी थांबवायचे, अशी त्यांची योजना आहे.

आयुष्यभर गोळ्या घेण्याचा कंटाळा आला आहे, हे मी लपवत नाही. त्यामुळे ही योजना ऐकताना बरे वाटले. तरीही दोन गोष्टी मनाला खटकतात. एक म्हणजे पोटविकारतज्ज्ञांना यातले काही कळवू नये, असे त्यांनी आडवळणाने सुचवले. दुसरी म्हणजे, ज्या जिल्ह्यात हळदीचे ढीग पाहत मी वाढलो, तिथे हळदीचाच अर्क बाटलीतून विकत घेणे विचित्र वाटते. घरची हळद रोज दुधातून घेतली तर भागणार नाही का? ज्यांनी हा आजार दीर्घकाळ सांभाळला आहे त्यांनी कृपया अनुभव सांगावेत.

गोदाकाठची माई:

दादा, मी या आजारासोबत 17 वर्षे काढली आहेत, त्यामुळे सर्वांत आधी तुमच्या कंटाळ्याबद्दल लिहिते. पाचव्या वर्षी मलाही नेमका असाच कंटाळा आला होता. वर्षभर काहीच त्रास नव्हता, म्हणजे आजार गेला, असा हिशेब मी स्वतःच मांडला आणि कोणालाही न सांगता गोळ्या बंद केल्या. चार महिने इतके उत्तम गेले की मी त्याचे श्रेय त्या काळात चालू केलेल्या प्रोबायोटिकला देऊन मोकळी झाले आणि माझ्या जावेलाही तेच घ्यायला लावले. पाचव्या महिन्यात दिवसातून बारा-तेरा वेळा जावे लागू लागले, हिमोग्लोबिन 7.8 वर आले आणि नऊ दिवस रुग्णालयात शिरेतून स्टेरॉइड घ्यावे लागले.

तेव्हा डॉक्टरांनी समजावले ते असे, की मेसालामिन आतड्याच्या अस्तरापर्यंत पोहोचून तिथली सूज थेट कमी करते आणि कमी झालेली सूज पुन्हा वाढू देत नाही. ते लक्षणे दाबणारे औषध नव्हे. लक्षणे दाबणारे औषध म्हणजे जुलाब थांबवण्याची गोळी, आणि तीव्र उफाळ्यात तीच धोकादायक ठरू शकते. शिवाय मोठ्या आतड्यात वर्षानुवर्षे सूज राहिली तर कर्करोगाची शक्यता वाढते, म्हणून लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण 8 वर्षांनी तपासणीची कोलोनोस्कोपी सुरू करतात. तुमचे ते वर्ष 2026 येते. शौचातील कॅलप्रोटेक्टिनची (आतड्यातील सूज दाखवणाऱ्या प्रथिनाची) तपासणी शेवटची केव्हा केली होती, हेही कळवा. आपल्याला बरे वाटणे आणि आतडे खरोखर बरे असणे या दोन गोष्टींत अंतर असू शकते, आणि ते अंतर कोलोनोस्कोपीशिवाय मोजण्याचे ते सर्वांत सोपे साधन आहे.

फ्रायबुर्गचा मराठी माणूस:

मी जर्मनीत औषधनिर्माणशास्त्राचे काम करतो आणि गेली 11 वर्षे फ्रायबुर्गमध्ये राहतो. प्रोबायोटिक आणि कोलायटिस यांच्या इतिहासातील एक महत्त्वाचे पान याच गावात लिहिले गेले, म्हणून जरा सविस्तर लिहितो. 1917 साली आल्फ्रेड निसले या वैद्याने एका सैनिकाच्या विष्ठेतून ई. कोलाय या आतड्यातील जिवाणूचा एक वाण (उपप्रकार) वेगळा केला. आजूबाजूचे सैनिक हगवणीने आजारी पडत असताना हा एक सैनिक ठणठणीत राहिला होता. 'ई. कोलाय निसले 1917' या नावाने तो वाण आजही औषध म्हणून मिळतो. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत आजार शांत असलेल्या 327 रुग्णांना वर्षभर हा वाण किंवा मेसालामिन देण्यात आले, तेव्हा आजार परतण्याचे प्रमाण अनुक्रमे 36.4 आणि 33.9 टक्के, म्हणजे जवळपास सारखेच होते.

हे वाचून तुमच्या सल्लागारांचे म्हणणे खरे ठरले असे वाटेल, पण इथेच सावध राहिले पाहिजे. ती चाचणी एका विशिष्ट वाणाची होती आणि तो 2 ते 8 अंश तापमानात ठेवावा लागतो. सांगलीच्या मे महिन्यात कुरिअरने आलेल्या दुसऱ्याच कुठल्या जिवाणूच्या कॅप्सूलला तो निष्कर्ष लागू होत नाही. 'प्रोबायोटिक' हा शब्द 'गोळी' या शब्दाइतकाच मोघम आहे. वाण कोणता आणि मात्रा किती, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

मात्रेचे उदाहरण आपल्याच देशातले आहे. 2009 साली लुधियानाच्या संशोधकांनी आठ वाणांच्या मिश्रणाची चाचणी सौम्य ते मध्यम कोलायटिसच्या रुग्णांवर केली. 12 आठवड्यांनंतर मिश्रण घेणाऱ्यांपैकी 42.9 टक्के आणि तुलनेसाठी दिलेली औषधविरहित, निष्प्रभ भुकटी घेणाऱ्यांपैकी 15.7 टक्के रुग्णांचा आजार शांत झाला. परिणाम चांगला आहे, यात वाद नाही, पण त्यांची मात्रा होती दर वेळी 3,60,000 कोटी जिवाणू, तीही दिवसातून दोनदा. तुमच्या कॅप्सूलमध्ये 1,000 कोटी आहेत. हा फरक 720 पटींचा आहे. भारतात प्रोबायोटिक पूरक आहार म्हणून विकायचे तर अन्न नियमांनुसार दिवसाच्या मात्रेत किमान 10 कोटी जिवाणू असले की पुरते, त्यामुळे आवेष्टनावरचा मोठा आकडा नियमाच्या दृष्टीने भरघोस असला तरी उपचाराच्या दृष्टीने किरकोळ असू शकतो. अमेरिकेतील पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने तर 2020 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये कोलायटिससाठी प्रोबायोटिक केवळ संशोधनाच्या चौकटीतच द्यावे, असे म्हटले आहे.

कर्क्युमिनबाबत पुरावा तुलनेने बरा आहे. 2006 साली जपानमध्ये 89 रुग्णांना सहा महिने रोज 2 ग्रॅम कर्क्युमिन किंवा निष्प्रभ गोळी देण्यात आली. कर्क्युमिन घेणाऱ्यांत आजार सुमारे 5 टक्के रुग्णांत परतला, इतरांत सुमारे 20 टक्के. मात्र हे सर्व रुग्ण मेसालामिन किंवा त्याच गटातील सल्फासालाझिन घेतच होते. 2015 च्या दुसऱ्या एका चाचणीत रोज 3 ग्रॅम दिले गेले, तेही मेसालामिनसोबतच. याउलट दिल्लीच्या एम्समध्ये रोज 450 मिलिग्रॅम देऊन पाहिले तेव्हा विशेष फरक आढळला नाही, आणि तुमच्या संचातील मात्रा नेमकी त्याच्या आसपास आहे. म्हणजे ज्या अभ्यासांच्या आधारे कर्क्युमिन विकले जाते, त्यांपैकी एकानेही मेसालामिन सोडून पाहिलेले नाही.

आता घरच्या हळदीचा हिशेब. हळदीत कर्क्युमिनचे प्रमाण साधारण 3 टक्के धरले, तर 2 ग्रॅमसाठी रोज 65 ग्रॅमहून अधिक हळद खावी लागेल. हळदीचे दूध अवश्य प्या, पण त्याला औषध समजू नका. आणि मिरीच्या अर्काबद्दल एक इशारा. 1998 साली बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवले की मिरीतील पिपेरिन या घटकामुळे कर्क्युमिनचे रक्तातील शोषण 20 पटींनी वाढते, आणि तेव्हापासून बहुतेक कॅप्सूलमध्ये ते घातले जाते. परंतु कोलायटिसमध्ये औषध हवे असते ते आतड्यात, रक्तात नव्हे, आणि अशा वाढीव शोषणाच्या कॅप्सूल घेणाऱ्या काही जणांना यकृताला सूज आल्याच्या नोंदी युरोप आणि अमेरिकेत झाल्या आहेत.

पथ्यपाणी:

मी आहारतज्ज्ञ आहे आणि आतड्याच्या दाहाचे रुग्ण माझ्याकडे नियमित येतात. वरील माहितीला जोडून केवळ ताटाबद्दल लिहिते.

गहू, दूध आणि दही सरसकट बंद करण्याचे काही कारण मला दिसत नाही. दूध पचत नसेल, म्हणजे पोट फुगत असेल किंवा घाईने जावे लागत असेल, तर दूध टाळावे. पण दह्यात आणि ताकात दुधातील साखर बरीच कमी झालेली असते व अनेकांना ते चालते. हाडे कमजोर करू शकणाऱ्या स्टेरॉइडचे दोन कोर्स झालेल्या माणसाचे कॅल्शियम असे उगाच तोडणे मला अयोग्य वाटते. आजार शांत असताना तंतुमय पदार्थ खावेत. आतड्यातील जिवाणू त्यांपासून ब्युटिरेट नावाचे आम्ल तयार करतात आणि मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशी मुख्यतः त्यावर जगतात. मऊ शिजवलेली दुधी, भोपळा, गाजर, मूगडाळ, ज्वारीची ताजी भाकरी, पिकलेले केळे, थोडे इसबगोल, यांतून जे साधते ते 6,800 रुपयांच्या संचातून साधेल असे मला वाटत नाही. उफाळ्यात मात्र हेच ताट बदलून काही दिवस पेज, मऊ भात आणि पातळ वरण यांवर यावे.

पूरक गोळ्यांपैकी काही खरोखर लागतात, पण त्या तपासणी करून घ्याव्यात. रक्त जात असल्यास फेरिटिन, म्हणजे शरीरातील लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी, पाहावे. ते 30 च्या खाली असेल तर लोह कमी आहे, आणि सूज असताना 100 पर्यंतचे फेरिटिनही फसवे असू शकते. लोहाच्या गोळ्यांनी पोट बिघडत असेल तर शिरेतून लोह देता येते. ड जीवनसत्त्वाची पातळी 20 नॅनोग्रॅमच्या खाली असल्यास भरपाई करावी, मात्र 60,000 युनिटची पुडी आठवड्याची असते हे विसरून रोज घेणारे रुग्ण मी पाहिले आहेत. ब 12 चे शोषण लहान आतड्याच्या शेवटच्या भागात होते, म्हणून कोलायटिसमुळे ते सहसा कमी होत नाही, पण आपण शाकाहारी असाल तर एकदा मोजून घ्यावे. ग्लुटामिनचा कोलायटिसमध्ये उपयोग झाल्याचा भक्कम पुरावा नाही.

रानवाटा:

माझा अनुभव थोडा वेगळा आहे. मला वैद्यांनी कुटज (कुड्याच्या झाडाचे आयुर्वेदिक औषध) दिले होते आणि सौम्य त्रासात त्याने आराम पडला. पण त्यांनी पहिल्याच भेटीत ॲलोपॅथीची फाइल मागवून घेतली आणि चालू औषधाला हात लावू दिला नाही. जो सल्लागार दुसऱ्या डॉक्टरांपासून लपवायला सांगतो, त्याच्यापासून मी तरी दूर राहीन. अशा सल्लागारांना रुग्णापेक्षा ग्राहक जपायचा असतो.

कृष्णाकाठ:

सर्वांचे मनापासून आभार. माई, तुमचा अनुभव पत्नीला वाचून दाखवला आणि त्यानंतर घरात यावर चर्चा उरली नाही. संच परत केला आहे, मेसालामिन पूर्वीप्रमाणेच चालू आहे. तज्ज्ञांना फोन करून सगळे मोकळेपणाने सांगितले. त्यांनी रागावण्याऐवजी हसून विचारले, की कर्क्युमिन घ्यायचेच असेल तर मिरीच्या अर्काशिवाय, योग्य मात्रेत आणि मेसालामिनसोबत घेणार का. त्याआधी यकृताची तपासणी, फेरिटिन, ड जीवनसत्त्व आणि कॅलप्रोटेक्टिन करायला सांगितले आहे. कॅलप्रोटेक्टिन दोन वर्षांत केलेलेच नव्हते.

एक शंका राहिली. गुडघा दुखत असल्याने गेले आठ दिवस औषधाच्या दुकानातून आणलेली डायक्लोफेनॅकची गोळी घेत आहे. तपासणी सोमवारी आहे. त्याने काही फरक पडेल का?

गोदाकाठची माई:

फरक पडतो, दादा. ती गोळी आजच थांबवा आणि डॉक्टरांना लगेच कळवा. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामकांनी कॅलप्रोटेक्टिनचा आकडा उगाच वाढू शकतो आणि त्याहून वाईट म्हणजे शांत असलेला कोलायटिस त्यांनी उफाळू शकतो. गुडघ्यासाठी तोवर पॅरासिटामॉल चालेल का, हे त्यांनाच विचारा आणि नमुना सोमवारीच द्यायचा की काही दिवस थांबायचे, तेही विचारून घ्या. नमुना शक्यतो सकाळच्या पहिल्या शौचाचा असावा, आणि अहवालातला आकडा मायक्रोग्रॅममध्ये येईल. 50 च्या आत आला तर निश्चिंत राहा, 250 च्या वर गेला तर त्रास नसला तरी भेटीची वेळ घ्या.